सिस्टरआजी आणि बेबीआजी

ताईला मांजरं आवडत नसत. त्याचं खरं कारण तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. लहानपणी घरात एक करडं मांजर होतं. त्याला दूध घालायची ताई, त्यानं घाण केली की पुसायची ताई, आणि बसायचं मात्र ते बेबीच्या मांडीवर.

बेबी ही तिची धाकटी बहीण. साठी उलटून गेली तरी तिचं नाव बेबीच राहिलं होतं. घरात आलेला पाहुणा आधी बेबीशी बोलायचा, दुकानदार बेबीला मोजून झाल्यावर वर मूठभर द्यायचा, आणि बेबीला यातलं काही लक्षातही यायचं नाही. ताईला सगळ्यात जास्त त्याचाच राग यायचा.

ताईची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून गेली. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क; चेहऱ्यातलं बाहेर उरायचं काय, तर डोळे आणि भुवया. ताईच्या भुवया बोलायच्या. मोजणीत कापसाचा एक बोळा कमी भरला की तिची डावी भुवई वर जायची आणि भलेभले सर्जन टाके घालायचे थांबायचे. तोंड उघडायची वेळच तिच्यावर फारशी आली नाही.

निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं. जवळच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांसोबत म्हातारी माणसं बसतात असं तिच्या कानावर आलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती शाळेच्या वाचनखोलीत हजर झाली. आठवड्यातून दोन दुपारी एका मोठ्या माणसानं एका मुलापाशी तासभर बसायचं, एवढंच काम होतं.

"तुम्हाला शिकवता येतं की नाही ते मी विचारत नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "एकच गोष्ट पाळा. सोडून जायचं झालं तर मुलाला आधी सांगा. असं अचानक गायब होऊ नका."

मग त्यांनी खिडकीजवळच्या मुलीकडे हळूच बोट दाखवलं. दहा वर्षांची असेल, पण अंगानं एवढीशी. तिची आई तिला मुंगी म्हणायची, म्हणून सगळी शाळाच म्हणायला लागली होती. आदल्या वर्षी एक कॉलेजातली मुलगी तिच्यासोबत वाचायची. दोघींचं छान जमलं होतं. एक दिवस ती आली नाही, नंतर कधीच आली नाही. मुंगी कित्येक दुपारी पुस्तक उघडून दाराकडे बघत बसायची. त्यानंतर वर्गात तिनं तोंड उघडणंच सोडलं.

"हिला मला द्या," ताई म्हणाली.

सोपं नव्हतं. मुंगी अक्षराला अक्षर लावायची, तिसऱ्या अक्षरापर्यंत पहिलं विसरायची आणि मग पुस्तकावर पालथी पडायची. ताईनं जाड पुठ्ठ्याला एक फट पाडली. ती ओळीवर ठेवली की एका वेळी एकच शब्द दिसायचा, पुढच्या गर्दीची भीती वाटायची नाही. शब्द चुकला की ताई पुठ्ठा हलवायची नाही. बरोबर आला की पुढे. थिएटरात जसं काही सुटू दिलं नव्हतं, तसं इथेही तिनं काही सुटू दिलं नाही. मुंगी घामाघूम व्हायची, पण वाचायची. वर्ष सरत आलं तेव्हा एका दुपारी तिनं पुठ्ठा न लावता अख्खं पान वाचलं. त्या संध्याकाळी ताईनं स्वतःसाठी जास्त साखर घालून चहा केला आणि एकटीच गॅलरीत बसून प्याली. सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता, पण सांगावंसं फार वाटत होतं.

सांगायला बेबी आली ती पुढच्याच महिन्यात. बेबीचे यजमान गेले. तिचं केस कापायचं छोटंसं पार्लर होतं, ते तिनं एका मुलीला चालवायला दिलं आणि दोन बॅगा घेऊन ती ताईकडे राहायला आली. दिवसभर खिडकीशी बसून असायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. शेवटी ताईच तिला हाताला धरून शाळेत घेऊन गेली. पुढे कैकदा तिला वाटलं, त्या दिवशी आपलाच पाय मोडला असता तर बरं झालं असतं.

बेबीच्या वाट्याला आलेल्या मुलीला कांजिण्या झाल्या, त्यामुळे बेबी रिकामीच. एका दुपारी ताईला दाताच्या डॉक्टरांकडे उशीर झाला. ती धापा टाकत वाचनखोलीच्या दाराशी पोचली, तर आतून कुणाचा तरी वाचायचा आवाज येत होता. स्वच्छ, मोकळा, मध्येच हसणारा. कुणाचा बरं, म्हणून तिनं डोकावलं.

मुंगी खुर्चीत बसून वाचत होती. बेबी तिच्या मागे उभी राहून तिची वेणी घालत होती. तोंडात दोन पिना धरून म्हणत होती, "हं, मग? त्या माकडानं काय केलं मग?"

मुंगी एका शब्दावर चुकली. बेबीच्या ते लक्षातही आलं नाही. मुंगीचं मात्र आलं. ती थांबली, मागे गेली, शब्द नीट वाचला आणि पुढे निघाली.

ताई दारातच उभी राहिली. सुजलेल्या हिरडीतली कळ एकदम कानापर्यंत गेली. वर्षभरात हा आवाज तिनं एकदाही ऐकला नव्हता.

"अगं ताई, आलीस?" बेबी पिना काढत म्हणाली. "किती गोड वाचते गं ही! तू तर म्हणाली होतीस, अडखळते."

मुंगी एकदम सरळ बसली आणि तिचा आवाज पुन्हा बारीक झाला.

त्या दिवसापासून ताईला दुसरं काही सुचेना. मुंगी आत आल्या आल्या आधी कुणाकडे बघते, हे ती बघायची. तास संपला की बेबीपाशी किती रेंगाळते, हे ती बघायची. "बेबीआजी नाही आल्या आज?" असं मुंगीनं विचारलं की ताई म्हणायची, "येतील की. आपण आपलं वाचू." बेबीनं मुंगीला केसांची निळी क्लिप दिली, तेव्हा ताईनं बाजारात जाऊन चांगला महागाचा रंगपेट्यांचा संच आणला. मुंगी "थँक्यू, सिस्टरआजी" म्हणाली आणि पहिलं चित्र काढलं ते बेबीच्या पार्लरचं. तेही पार्लर कधी न बघता.

घरी बेबी पुन्हा गुणगुणायला लागली होती. सकाळी उठून आरशात बघायची, शेजारणींशी जिन्यात गप्पा मारायची. बहीण माणसात आली, याचा आनंद व्हायला हवा, हे ताईला कळत होतं. ती भांडी घासताना नुसती आपटायची.

"काय झालंय तुला?" बेबी विचारायची.

"कुठं काय. साबण संपलाय."

शाळेत वाचनाचा एक कार्यक्रम ठरला. प्रत्येक मुलानं स्टेजवर एक गोष्ट वाचायची आणि शेजारी बसायला आपल्या पसंतीचं एक मोठं माणूस निवडायचं. ताईनं कपाटातली राखाडी रेशमी साडी इस्त्रीला देऊन आणली.

निवड सांगायच्या दुपारी मुंगी बराच वेळ पेन्सिलीचं टोक कुरतडत बसली.

"सिस्टरआजी, तुम्ही रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावते?"

मुंगीनं यावर खरोखर विचार केला आणि उत्तर द्यायचं टाळलं. मग म्हणाली, "स्टेजवर मी बेबीआजींना घेऊ?"

"घे की. त्यात काय विचारायचं." ताईनं टेबलावरची पुस्तकं रचायला घेतली. ती आधीच नीट रचलेली होती. एवढ्यावर ती थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण कालच बेबीनं जेवताना सहज म्हटलं होतं, "मुलांचं काही अवघड नसतं गं, जरा हसलं की झालं." ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

"फक्त एक आहे," ताई म्हणाली. "बेबीआजी तोवर असतील की नाही, कुणी सांगावं. तिचं हे असंच. मन रमतंय तोवर येते, कंटाळा आला की चालली. ती कॉलेजची ताई होती ना तुझी, तसंच."

मुंगीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, मग सगळंच गेलं. चेहरा दार लावून घेतल्यासारखा बंद झाला. आणि ताईला, खरं सांगायचं तर, क्षणभर बरं वाटलं. भाजलेल्या बोटावर गार पाणी पडावं तसं.

पुढच्या खेपेला मुंगी वाचनखोलीत आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "शाळेत येते हो. पण तुमच्या तासाला मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन बसते. कार्यक्रमातूनही नाव काढलंय. वर्गात पुन्हा मूग गिळून बसलीय. इतकी छान सुधारली होती! घरी काही झालं असेल का?"

"काय माहीत," ताई म्हणाली. बाईंकडे न बघता तिनं पुठ्ठा पिशवीत घातला.

त्या संध्याकाळी ताई सूपसाठी गाजरं चिरत होती. बेबी दारातून आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"मुंगी भेटली मला. फाटकाशी गाठलंच मी तिला. म्हटलं, बाळा, माझं काही चुकलं का? तर म्हणाली, तुम्ही जाणारच आहात ना, मग जा." बेबीनं हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. "मी कुठं जाणार आहे, ताई? मी जाणार असं तिला सांगितलं कुणी?"

ताईनं मान वर केली नाही. पण बेबीनं अख्खं बालपण त्या भुवयांखाली काढलं होतं.

"तू?" बेबी म्हणाली.

ताईनं सुरी खाली ठेवली. "वर्षभर मी घाम गाळला त्या पोरीवर. एकेक अक्षर बसवलं. तू आलीस, वेणी घातलीस, झालं! ती माझी होती, बेबी."

"तुझी म्हणजे? ती काय मांजर आहे?"

बेबीला ते मांजर आठवतंय, हे ताईला आज पहिल्यांदा कळलं.

"सगळं कायम मलाच मिळालं असं वाटतं ना तुला?" बेबी खुर्चीत बसली. "आई आजारी होती तेव्हा उशाशी कोण होतं? मी. पार्लर बंद ठेवून मी बसले. चमच्यानं पाणी मी पाजायचे. आणि ती डोळे उघडून दर वेळी एकच विचारायची, थोरली आली का? ड्युटी संपली का तिची? मी समोर असताना! किती जळले असेन मी. पण मी तिला म्हटलं नाही, की थोरली येणार नाही, तिला तुझा कंटाळा आलाय. असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही."

बेबी उठून आपल्या खोलीत गेली. सूप कुणीच प्यालं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई मुंगीच्या आईकडे गेली. ती एका लाँड्रीत कामाला होती. दुकानात वाफ कोंदली होती, वर दांडीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट लटकत होते, आणि काउंटरच्या मागे कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये मुंगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ताईला बघताच ती अजून आत सरकली.

"मला तिच्याशी बोलायचंय," ताई म्हणाली. "तुमच्या समोरच बोलते."

आईनं इस्त्री उभी केली.

ताईनं आयुष्यात मोठमोठ्या सर्जनना चुका दाखवल्या होत्या. स्वतःची सांगायची सवय नव्हती. ती म्हणाली, "मुंगी, मी तुझ्याशी खोटं बोलले. बेबीआजी कुठेही जाणार नाही. ती कंटाळत नाही, मधेच टाकून देत नाही. तू तिला निवडलंस म्हणून मला वाईट वाटलं. माझ्या बहिणीचा मला हेवा वाटला. म्हणून बोलले तसं."

उत्तर दिलं ते मुंगीच्या आईनं.

"आजी, तुम्ही मोठी माणसं. तुम्हाला दुपार घालवायची असते, या, नाही म्हणत नाही मी. पण ही पोरगी त्या दोन दुपारींवर आठवडा काढते. सकाळी उठल्यावर विचारते, आज वाचनाचा वार आहे का. मला वाचून दाखवायची, मी इथे इस्त्री करत असले की. आठवडा झाला, तेही बंद. तुम्हा लोकांचं भांडण तुमच्या घरी ठेवा ना."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

गठ्ठ्यांच्या मागून बारीक आवाज आला. "आता तुम्ही येणार नाही का?"

"मी? मी का नाही येणार?"

"मी बेबीआजींना घेतलं तर तुम्ही यायचं बंद कराल, असं वाटलेलं मला. म्हणून मी विचारलं होतं, रागावणार नाही ना."

"मी येणार," ताई म्हणाली. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो विचारू नये असं तिनं रस्ताभर ठरवलं होतं. "पण मला एक सांग. बेबीआजीच का?"

मुंगीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग. त्यांनीच विचारलंय."

"त्या मागे उभ्या असतात. दिसत नाहीत. तुम्ही समोर बसता, मग तुमच्या भुवया दिसतात." मुंगीनं आपली डावी भुवई बोटानं वर ढकलून दाखवली. "मी चुकायच्या आधीच ती वर जाते."

मुंगीच्या आईला एवढ्या रागातही हसू फुटलं, ते तिनं इस्त्रीकडे वळून लपवलं. ताईला हसावं की रडावं कळेना. ज्या भुवयांच्या जोरावर तिनं अख्खं थिएटर चालवलं, त्यांनी एका एवढ्याशा पोरीची वाचा बसवली होती.

"मग मी कुठं बसू?" तिनं विचारलं.

"बाजूला बसा ना," मुंगी म्हणाली.

पुढच्या वाचनाच्या दिवशी मुंगी आली. ताईनं खुर्ची तिच्या बाजूला ओढली. बेबी घरात अजून कामापुरतंच बोलत होती, पण मुंगीला बघून तिनं हात पसरले, आणि मुंगी धावत गेली. ताईनं ते पाहिलं. आत कळ आली. ती कळ कुठे लगेच जाणार होती?

कार्यक्रमाच्या दिवशी ताई मागच्या रांगेत बसली. स्टेजवर बेबी छान फुलाफुलांच्या साडीत बसली होती. मुंगीनं सुरुवातीला दोन ओळी पुटपुटल्या, मग तिचा आवाज मोकळा झाला. गोष्ट एका विसरभोळ्या पोस्टमनची होती. लोक हसले, तेव्हा मुंगी थांबली, त्यांचं हसणं संपू दिलं आणि मग पुढे वाचलं. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. ताई ओठांनी प्रत्येक शब्द तिच्याबरोबर म्हणत होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिचे हात सगळ्यांत शेवटी थांबले, आणि तरीही त्या टाळ्या बेबीच्या अंगावर पडताहेत, हे तिला दिसत होतं आणि सलत होतं.

नंतर मुख्याध्यापक बेबीला म्हणाले, "वा! छान तयार केलंत हिला."

"मी नाही हो," बेबी म्हणाली, "मी वेणी घालते फक्त. हे सगळं काम ताईचं." आणि तिनं ताईला दंडाला धरून पुढे ओढलं.

तेही ताईला आवडलं नाही. हिला मोठेपणा दाखवायलासुद्धा कसा पटकन जमतो, असं तिच्या मनात आलं. पण बऱ्याच दिवसांनी बेबीनं तिला हात लावला होता, म्हणून तिनं दंड सोडवून घेतला नाही.

सुट्टीनंतर मुंगीला सोबतीची गरज उरली नाही. ती आता मधल्या सुट्टीत स्वतःच पुस्तकं बदलायला यायची आणि जाताना दोघींच्या टेबलांशी थोडी थोडी थांबायची. ताईच्या वाट्याला एक नवी मुलगी आली. धिप्पाड, हट्टी, पुस्तक बघितलं की ते टेबलाखाली टाकणारी. ताई बाजूला बसली आणि पहिले काही दिवस तिनं पुस्तक उघडलंच नाही. एकदा त्या मुलीनं आपल्या हातावरचा जुना टाक्यांचा व्रण दाखवला आणि विचारलं, "तुम्ही खरंच नर्स होता? माणसाचं पोट उघडलं की आत काय रंग असतो?"

ताईनं सांगायला सुरुवात केली. आतडी कशी चकाकतात, काळीज किती गरम लागतं, एकदा ऐन ऑपरेशनमध्ये दिवे गेले तेव्हा बॅटरी कुणी धरली. मुलगी टेबलावर कोपरं टेकून, तोंड उघडं टाकून ऐकत होती. "हे कुठल्या पुस्तकात असतं?" तिनं विचारलं, आणि ताई उठून शरीराच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन आली.

पलीकडच्या टेबलावर बेबीचा हात वेणीत थांबला होता. ती मान तिरकी करून ऐकत होती.

"हे मला कधी नाही सांगितलंस," घरी परत जाताना ती म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

"ती पोरगी सारखी तुझ्याकडेच बघत होती. माझ्या मुलीचंही लक्ष लागत नव्हतं." बेबीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या वेळी दिव्यांची गोष्ट जरा हळू आवाजात सांग."

"बघू," ताई म्हणाली. तिला इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच थोडी लाज वाटली. मग तिनं बेबीच्या हातातली जड पिशवी काढून घेतली, आणि त्या ऑपरेशनमध्ये दिवे कसे गेले ते घर येईपर्यंत तिला पहिल्यापासून सांगितलं.